रो नंबर बारा

विमानात बसल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? खरं सांगा हं. बॅग वरच्या कप्प्यात ढकलता, बेल्ट लावता आणि कानात हेडफोन घालता. बरोबर? शेजारी कोण आलंय हे आपण फक्त ओझरतं बघून घेतो. तेही मधल्या आर्मरेस्टवर कोपर कोणाचं राहणार, हे ठरवण्यापुरतं. बाकी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. तासा-दीड तासाचा तर प्रवास, त्यात कुठे ओळखीपाळखी करत बसायचं?

ट्रेनचं तसं नाही. आमच्या शेजारचे काका पंचवीस वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई अप-डाऊन करत होते. 1 जून 1930 ला सुरू झालेल्या या गाडीचा वाढदिवस दरवर्षी 1 जूनला पुणे स्टेशनवर चक्क केक कापून साजरा होतो, आणि त्यात पुढे असतात ते रोजचे पासहोल्डर. काकांच्या मुलीच्या लग्नात आम्हा सोसायटीवाल्यांपेक्षा त्यांच्या डब्यातलीच माणसं जास्त होती. वाढायलासुद्धा तीच! तेव्हा मला वाटायचं, प्रवासातली मैत्री करावी तर ट्रेनवाल्यांनी. विमानात ती होऊच शकत नाही.

मग 2023 चा जुलै आला आणि माझा हा सगळा फंडाच बदलून गेला.

मधली सीट

तेव्हा मी एका प्रोजेक्टसाठी चार महिने बंगळुरूला होते. संध्याकाळी सातच्या सुमारास दादाचा फोन आला. दादा एरवी फोन करत नाही, मेसेज टाकतो. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव बघूनच पोटात गोळा आला. ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय. घाबरू नकोस. पण तू ये,’ एवढंच म्हणाला. ‘घाबरू नकोस’ आणि ‘तू ये’ ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली की घाबरायचंच असतं.

रात्री दहाच्या पुण्याच्या फ्लाइटचं तिकीट मिळालं. बारा-बी. मधली सीट, अर्थात. खिडकीशी म्हणजे बारा-एला एक आजी होत्या. नऊवारी नाही, पण चापूनचोपून नेसलेलं सुती पातळ, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात घट्ट. बारा-सीला एक पन्नाशीचे काका लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडून बसले होते. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

आजींनी मात्र बघितलं. आणि लगेच सुरुवात केली. ‘पुण्याचीच का तू? कुठं राहतीस? मी साताऱ्याची. लेकीचं बाळंतपण करून निघाले. तीन महिने झाले. एकटीनं पहिल्यांदाच बसतीय हो विमानात.’

आता इथे मी काय केलं, ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी ‘हो का?’ म्हणून कसनुसं हसले आणि हेडफोन लावला. गाणं वगैरे काही सुरू केलं नव्हतं. नुसताच हेडफोन. आजी गप्प झाल्या, खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना बेल्ट लावता येत नव्हता, तो काकांनी माझ्यावरून वाकून लावून दिला.

विमान सुटण्याआधी दादाचा शेवटचा मेसेज आला: ‘आयसीयूत हलवलंय.’ मग फोन फ्लाइट मोडवर.

ढगातल्या फेऱ्या

साडेअकराला पुण्यात उतरायचं होतं. पावणेबारा झाले तरी आम्ही ढगातच. कॅप्टनने सांगितलं, पुण्यात जोरदार पाऊस आहे, व्हिजिबिलिटी कमी आहे, आपण थोडा वेळ वरच थांबू. थांबू म्हणजे गोल गोल फेऱ्या. पंखावरचा लाल दिवा ढगात लुकलुकायचा आणि विमान असं काही हादरायचं की मागून कोणीतरी मोठ्याने रामरक्षा सुरू केली.

नंतर एका पायलट मित्राने मला याचं गणित समजावून सांगितलं. प्रत्येक विमान निघतानाच आपला पर्यायी विमानतळ ठरवून निघतं. मुक्कामापर्यंतचं इंधन, तिथून त्या पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि वर अर्धा तास हवेत काढता येईल इतकं राखीव. त्यामुळे हवा सुधारायची वाट किती वेळ बघायची, याला मर्यादा असते. ती संपली की पायलट हट्ट करत नाही, विमान वळवतो. आज हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण त्या रात्री ‘आपण मुंबईला उतरतोय’ हे शब्द ऐकले आणि मी थेट रडायलाच लागले.

हेडफोन अजून कानातच होता. माझ्या हातावर एक हात आला. खरखरीत, कोमट.

‘कोण आजारी आहे गं?’ आजींनी विचारलं.

त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी सगळं सांगून टाकलं. बाबा, आयसीयू, दादाचा फोन. ‘सगळं ठीक होईल’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘पाणी पी आधी.’ मग पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. बाळंतिणीसाठी केलेल्यातले उरलेले. मी पण खाल्ला. दुपारपासून पोटात काही नव्हतं, हे तेव्हा आठवलं.

आणि बारा-सीच्या काकांनी लॅपटॉप बंद केला.

चोर नेईल तर कॉफी पिईल

मुंबईत चाकं टेकली तेव्हा एक वाजत आला होता. फोन सुरू केला. दादाचे सात मिस्ड कॉल. बाबांना साडेसहाला बायपाससाठी आत घेणार होते. बाबा शुद्धीवर होते आणि सारखे विचारत होते, ती आली का?

पुढे विमान कधी जाईल ते नक्की नव्हतं. बसची सोय करतोय असं सांगण्यात आलं, पण तिलाही दोन-अडीच तास लागणार होते. मी मनातल्या मनात हिशोब करत होते. दीडशे किलोमीटर, पाऊस, घाट. तेवढ्यात काका म्हणाले, ‘मॅडम, टॅक्सी करू. मी येतो. रात्रीचं तुम्ही एकट्या जाऊ नका.’ भोसरीत त्यांचं वर्कशॉप आहे, हे मला तेव्हा कळलं.

मागच्या रांगेतून एक मुलगा पुढे आला. तेरा-सी. ‘ताई, मी आलो तर चालेल का? मी माझा शेअर देतो.’ नांदेडचा. बंगळुरूला कंपनीचं ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा विमानात बसलेला. सकाळी नऊला हिंजवडीत त्याचं जॉइनिंग होतं. आयुष्यातल्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस!

आणि आजी? त्यांना न्यायला भाचा पुण्याच्या एअरपोर्टवर येऊन बसलेला. त्याला फोन करून घरी जायला सांगितलं आणि त्या आमच्याबरोबर निघाल्या. पण त्यांची मोठी बॅग चेक-इनमध्ये होती, बेल्टवर यायला बराच वेळ लागणार होता. आम्ही तिघांकडेही नुसत्या केबिन बॅगा. काका म्हणाले, आजी, तुम्ही बॅग घेऊन सावकाश बसने या. आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, ‘बाई, बॅग मागाहून पाठवा. चार पातळं आहेत आणि दोन किलो कॉफी. चोरानं नेली तर बसेल कॉफी पीत.’

रात्रीच्या दीड वाजता, त्या टर्मिनलमध्ये, मी हसले. काकांनी त्यांचा फॉर्म भरून दिला, आजींनी सही केली आणि आम्ही निघालो.

आधी कोणाला सोडायचं?

वाशीचा पूल ओलांडेपर्यंत कोणीच बोललं नाही. काच पुसणाऱ्या वायपरचा आवाज, बस्स. पनवेलच्या पुढे एक्स्प्रेसवे लागला आणि ड्रायव्हरने वेग घेतला. खालापूरच्या फूड मॉलला पाच मिनिटं थांबलो. चहा, आणि आजींच्या डबीतले उरलेले दोन लाडू चौघांत. ड्रायव्हर धरून पाच जणांत. तिथे त्या मुलाला थोडा कंठ फुटला.  अंगावर चुरगळलेला टी-शर्ट. ‘पहिल्याच दिवशी असं कसं जायचं ताई?’ असं तो मलाच विचारत होता. आणि मी, जिला स्वतःचं काही सुचत नव्हतं, ती त्याला सांगत होते की आयटीत सगळे टी-शर्टच घालतात, टेन्शन नको घेऊस.

घाटात धुकं होतं. पुढची गाडी नुसत्या दिव्यांवरून ओळखायची. त्या अर्ध्या तासात आजींनी माझा हात सोडला नाही आणि मला आठवतंय, मी त्यांना बाबांबद्दल सांगत होते. बाबा भाजी आणताना दहा वर्षं एकाच भाजीवाल्याशी भांडतायत आणि तरी त्याच्याचकडे जातात, असलं काहीबाही. आजी सगळं ऐकत होत्या. मध्येच ‘मग?’ म्हणत होत्या.

लोणावळा मागे पडलं तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, ‘साहेब, आधी कोणाला सोडायचं?’

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पुण्याकडे येताना काकांची भोसरी आधी. मग हिंजवडी, जिथे त्या मुलाला नऊला पोचायचं होतं आणि जिथे त्याच्या मित्राची रूम होती. मग कोथरूड, आजींच्या भाच्याचं घर. आणि सगळ्यात शेवटी एरंडवण्यातलं माझं हॉस्पिटल. सरळ हिशोबाने माझा नंबर शेवटचा लागत होता. प्रत्येकाला सोडायला आत-बाहेर पंधरा-वीस मिनिटं. पावणेपाच झाले होते.

मला विचारायचा धीर होत नव्हता. या लोकांनी माझ्यासाठी आणखी काय काय करायचं?

‘आधी हॉस्पिटल,’ काका म्हणाले. ते मागे वळलेसुद्धा नाहीत. मुलगा ‘हो हो’ म्हणाला. आजी म्हणाल्या, ‘विचारायचं काय त्यात?’

साडेपाचला मी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत होते. आयसीयूत मला सात मिनिटं मिळाली. बाबांच्या तोंडावर मास्क होता, तो त्यांनी जरा बाजूला केला आणि म्हणाले, ‘विमानानं आलीस ना? मग एवढा उशीर?’ तेच बाबा. भाजीवाल्याशी भांडणारे. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग नर्सने खूण केली.

बाहेर आले तर वाटलं होतं, टॅक्सी केव्हाच गेली असणार. कॉरिडॉरमध्ये बघते तर बाकावर आईच्या शेजारी आजी बसलेल्या. आईचा हात त्यांच्या हातात. काका कागदी कपातून चहा घेऊन येत होते. दादाला म्हणाले, ‘तुम्ही रात्रभर उभे आहात, बसा जरा.’ आणि नांदेडचा मुलगा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपला होता.

साडेसहाला बाबांना आत नेल्यावर मगच ते तिघं उठले. जाताना काकांनी आपल्या केबिन बॅगेतून इस्त्रीचा एक पांढरा शर्ट काढला आणि त्या मुलाच्या हातात दिला. टॅक्सीचे पैसे त्यांनी आमच्या नकळत दिले होते. आजींनी रुमालाच्या गाठीतून पाचशेची नोट काढून त्यांच्याशी भांडून पाहिलं. ते काही बधले नाहीत.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाबा बरे झाले.

गँडरची गोष्ट

यानंतर मला असल्या गोष्टींचा नादच लागला. वाचत सुटले आणि सापडलं कॅनडातलं गँडर. न्यूफाउंडलंड बेटावरचं जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेने आपलं आकाश बंद केलं तेव्हा अटलांटिकवरून येणारी 38 प्रवासी विमानं या एका गावात उतरवली गेली. साडेसहा हजारांहून जास्त माणसं, अचानक. गावातल्या स्कूलबसवाल्यांचा तेव्हा संप चालू होता, तो बाजूला ठेवून त्यांनी पाहुण्यांना ने-आण केली. शाळा, चर्च, लोकांची घरं उघडली गेली. अन्न इतकं आलं की बर्फावरच्या हॉकीचं मैदान फ्रिज म्हणून वापरलं!

ती माणसं तिथे चार-पाच दिवस राहिली. लंडनहून ह्यूस्टनला निघालेल्या विमानातला एक ब्रिटिश गृहस्थ आणि त्याच विमानातली टेक्ससची एक बाई, दोघं तिथे भेटले आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. दुसऱ्या एका विमानातल्या प्रवाशांनी, ज्या लुइसपोर्ट गावाने त्यांना सांभाळलं, तिथल्या मुलांसाठी स्कॉलरशिप फंड उभा केला. या सगळ्यावर ‘कम फ्रॉम अवे’ नावाचं म्युझिकल निघालं आणि 2017 मध्ये ब्रॉडवेवर पोचलं.

वाचताना एक लक्षात आलं. ही विमानं वेळेवर पोचली असती तर? ती सगळी माणसं बॅगा उचलून, एकमेकांना ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून निघून गेली असती. आम्हीही पुण्यात साडेअकराला उतरलो असतो तर मी आजींकडे वळूनही बघितलं नसतं. मैत्रीला बहुतेक एकमेकांची थोडी गरज पडावी लागते. विमान प्रवासात आपण नेमकी तीच काढून टाकत चाललोय.

माझी मावशी अमेरिकेला लेकीकडे जायची, तेव्हा विमानात फॉर्म वाटायचे. अमेरिकेत उतरायचा पांढरा फॉर्म, परत येताना-जाताना आपल्याकडचा फॉर्म. मावशीकडे चष्मा असायचा, पेन नसायचं. मग शेजारच्याकडे पेन मागायचं, ‘जरा भरून द्याल का हो?’ म्हणायचं, आणि फ्रँकफर्ट येईपर्यंत त्याच्या बायकोचं माहेर कुठलं इथपर्यंत गाडी पोचायची. अमेरिकेने विमानाने येणाऱ्यांचा तो कागदी फॉर्म 2013 मध्ये बंद केला, आपल्याकडचं देशाबाहेर जातानाचं कार्ड 1 जुलै 2017 पासून गेलं. कटकट वाचली, हे खरंच. पण पेनही गेलं. 2022 च्या डिसेंबरपासून डिजियात्रा आलं. आता चेहरा दाखवला की गेट उघडतं, ‘रांग हीच का हो?’ असं विचारायचीही गरज नाही.

तरी आपली माणसं मार्ग काढतातच! मुलांकडे परदेशी निघालेले कित्येक आईबाबा व्हीलचेअर मागतात. पाय दुखतात म्हणून नाही, तर ढकलणारा माणूस बरोबर गेटपर्यंत पोचवतो म्हणून. आणि परदेशातली मराठी मुलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारत असतात, ‘अमुक तारखेला मुंबईहून कोणी येतंय का? आई एकटी आहे.’ कोणीतरी ‘माझे बाबा आहेत’ म्हणतं. मग दोन अनोळखी ज्येष्ठ नागरिक चेक-इनच्या रांगेत भेटतात आणि पुढे सहा महिने न्यू जर्सीत एकमेकांकडे पिठल्याला जातात.

आता

आमचाही ग्रुप आहे. नाव ‘रो नंबर बारा’. नांदेडचा मुलगा तेरा नंबरचा, म्हणून त्याला अधूनमधून ग्रुपमधून काढायच्या धमक्या मिळतात. त्याने जॉइनिंगच्या दिवशी काकांचाच शर्ट घातला होता, दोन साइझ मोठा. त्याच दिवशी आयकार्डचा फोटो काढला. गळ्याशी झोळ आलेला तो फोटो पाहिला की आम्ही अजूनही हसून लोळतो. काकांनी शर्ट परत घेतलाच नाही. बाबांना ग्रुपवर घेतल्यापासून रोज सकाळी सहाला सूर्योदयाचा फोटो येतो. आजींची बॅग आठवड्याने साताऱ्याला पोचली, कॉफीसकट.

आजी आता लांबचा प्रवास करत नाहीत. म्हणून दर जुलैत आम्हीच साताऱ्याला जातो. पहिल्या वर्षी बाबाही आले होते. त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला, तर आजी म्हणाल्या, ‘अहो, पोरगी घाबरली होती, एवढंच. मी काय केलं?’ मी मध्येच बोलून टाकलं. त्या रात्री हेडफोनमध्ये गाणं नव्हतं, हे मी इतके दिवस मनात ठेवलं होतं.

आजी हसल्या. ‘ठाऊक होतं की,’ म्हणाल्या. ‘माझ्या लेकीचीच युक्ती ती. तीन महिने बघत होते.’

2024 च्या जुलैत पुण्याचं नवं टर्मिनल सुरू झालं. ऐसपैस, चकाचक. गेल्या महिन्यात मी तिथून दिल्लीला गेले. मधली सीट, सवयीप्रमाणे. खिडकीशी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. बेल्ट लावून झाला आणि माझा हात आपोआप हेडफोनकडे गेला. मग तो मी पर्समध्येच राहू दिला.

‘दिल्लीला कामासाठी?’ मी विचारलं.

‘हो,’ त्या म्हणाल्या आणि हेडफोन लावला.

चालायचंच! गाणं चालू होतं की नाही, ते मी काही विचारलं नाही. पर्समध्ये लाडवाची डबी मात्र होती. लागली असती तर.